मिनूच्या घोड्याला चारा

"बंद करून परत चालू कर," वन्सं म्हणाल्या.

"केलं."

"मग आणखी एकदा कर. तो मधल्या खोलीतला पंखा नाही का, दुसऱ्यांदा बटण दाबलं की फिरायला लागतो."

मी आणखी एकदा केलं. पडदा उजळला, माझ्या कामाच्या फायली एकेक करून उगवल्या. कुणाच्या बारशाची पत्रिका, कुणाच्या वास्तुशांतीची, नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. आणि अगदी खाली, कोपऱ्यात, तपकिरी घोड्याचं तोंड. मी त्या तोंडावर क्लिक केलं. गोल चकती फिरली, फिरली, थांबली. पुढे काहीच नाही. काय चुकलं तेही सांगेना. दार वाजवावं आणि आतल्या माणसानं नुसता दिवा मालवावा, तसं.

"नाही?" वन्संनी विचारलं.

"नाही."

त्यांनी देवघराकडे बघितलं. सकाळपासून त्या समईत तेल घालत होत्या. समई काठोकाठ भरली होती, तरी घालत होत्या.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, कमलताई. बालवाडी शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या आणि आमच्याकडे राहायला आल्या. जिभेला धार. मला त्या बोलायच्या, मी त्यांना मनातल्या मनात बोलायची, आणि आमचं बरं चाललं होतं. त्या दिवशी मात्र आम्ही दोघी एकाच खुर्चीत मावल्यासारख्या त्या कॉम्प्युटरपुढे बसलो होतो. माझ्या मांडीत मोबाइल, कोपरापाशी घरचा फोन. दोन्ही मुके.

सकाळी दीपालीचा फोन आला होता. दीपाली म्हणजे आमच्या मृण्मयीची, मिनूची, पुण्याच्या होस्टेलमधली खोलीसोबतीण.

"काकू, मिनू घरी आलीय का?"

"नाही गं. का?"

मग ती जे सांगायला लागली ते तिला सलग सांगता येईना. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा निकाल लागला होता. मिनूचे इतके विषय राहिले होते की वर्षच गेलं. आम्हाला तर ती पेपर छान गेलेत म्हणून सांगत होती. दीपालीला अर्धवट जाग आली तेव्हा मिनू तयार होऊन बसली होती, आणि ती नीट उठली तोवर मिनू निघून गेली होती. फोन बंद होता. बॅग नेली नव्हती, चार्जर नेला नव्हता.

"आणि काकू," दीपाली म्हणाली, "जाताना तिनं तिचा हिरवा स्वेटर मला दिला. म्हणाली, तुला आवडतो ना, ठेव. मी झोपेत हो म्हटलं."

पुण्यात तेव्हा उकाडा चालू होता. मी तो स्वेटर विणला होता म्हणून मला ठाऊक, आमची मिनू तो उन्हाळ्यातसुद्धा उशाशी घेऊन झोपायची.

हे लगेच बार्शीहून पुण्याच्या एसटीत बसले. ह्यांचा मावसभाऊ विनायक धनकवडीला राहायचा. तो स्कूटर घेऊन कॉलेजच्या आसपास शोधायला निघाला. होस्टेलच्या बाईंना कळवलं, त्या म्हणाल्या, मैत्रिणीकडे गेली असेल, संध्याकाळी येईल. आणि मी घरी राहायचं ठरलं, कारण घरच्या फोनपाशी कुणीतरी हवं. तिला आईबापाचे मोबाइल नंबर पाठ नव्हते, पण घरचा होता.

फोनपाशी बसून राहणं म्हणजे काय, ते ज्याच्यावर आलंय त्यालाच कळेल. मनात एक शब्द येत होता. मी तो आला की उठून काहीतरी करायची. भांडी घासली. घासलेली परत घासली. वन्संच्याही मनात तोच शब्द असणार, कारण त्यांनी त्या दिवसाचं वर्तमानपत्र घडी घालून कपाटाच्या वर, हात पोचणार नाही असं टाकून दिलं होतं.

मग मी दीपालीला उलटा फोन लावला. "ती कुणाशी बोलायची गं? मन मोकळं कुणापाशी करायची?"

"माझ्याशी नाही, काकू. खरं सांगते. ती त्या गेमवरच्या लोकांशी बोलायची. तो घोड्याचा गेम. तिथले तिचे चारपाच जण आहेत. मला नावं माहीत नाहीत, खरी तर कुणालाच नसतात."

तो गेम आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर होता. मिनूनंच दिवाळीत, परत पुण्याला निघायच्या घाईत टाकला होता. एवढंच एक दार मला दिसलं. त्या चारपाच जणांपैकी कुणाला तरी ती काही बोलली असेल. आणि ते दार उघडत नव्हतं.

कॉम्प्युटर मला कुणी शिकवला नाही. मी बिघडवत शिकले. लग्नाआधी छापखान्यात कागद मोजायला होते. तिथं डीटीपीवाल्याच्या मागे उभी राहून बघायची, तो जेवायला गेला की बसायची. पुढं घरातच दोन खुर्च्या टाकून पत्रिका, बिलबुकं, हँडबिलं करायला लागले. फाइल उघडत नसेल तर काय करायचं, प्रिंटर रुसला तर काय करायचं, हे मला हाताला ठाऊक होतं. पण गेम माझ्या धंद्यातला नव्हता. त्याच्या आत काय असतं याची मला कल्पना नव्हती.

तरी एकेक करत गेले. आधी व्हायरस पकडणारा प्रोग्रॅम बंद केला, तो कधीकधी घरच्याच माणसाला चोर समजतो. नाही. मग चित्रं दाखवणाऱ्या कार्डाचा ड्रायव्हर नवा उतरवून घेतला. आमचं इंटरनेट तेव्हा मुंगीच्या पावलानं चालायचं. हिरवी पट्टी सरकत होती आणि वन्सं तिच्याकडे बघत जप करत होत्या.

"किती राहिलं?"

"अर्धं."

"मघाशीपण अर्धंच होतं."

"वन्सं, तुम्ही बघितलंत म्हणून ते भरभर येणार नाही."

"मी कुठं बघतेय? मी मिनूसाठी म्हणतेय."

पट्टी भरली. घोड्याच्या तोंडावर क्लिक केलं. चकती फिरली, थांबली.

मग सगळा गेम काढून टाकला आणि परत टाकला. त्याला तर केवढा वेळ गेला. मधेच मोबाइल वाजला तेव्हा मी तो इतक्या जोरात उचलला की तो हातातून उडून खाली पडला. हे होते.

"काही कळलं?"

"नाही. तुम्ही कुठं आलात?"

"टेंभुर्णी गेलं. तू काय करतेयस?"

"गेम चालू करतेय."

पलीकडे एसटीची खिडकी खडखडत होती. मला वाटलं, आता ओरडणार. पोरगी सापडत नाही आणि तू गेम काय खेळतेस.

"कर," हे म्हणाले. "चालू कर तू." आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

गेम परत टाकून झाला, तरी तेच. मी त्या चिन्हावर उजवं बटण दाबून 'ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा' असं केलं. म्हणजे घरमालकाच्या अधिकारानं दार उघडायला सांगायचं. आणि पहिल्यांदाच त्यानं तोंड उघडलं. एक लहानशी राखाडी चौकट आली. इंग्रजीत लिहिलं होतं की अमुक जागी सामान सापडत नाही. खाली त्या जागेचा पत्ता. सी, मग यूजर्स, मग... मग चार रिकामे चौकोन.

ते चौकोन बघून मी खुर्चीत ताठ झाले.

"काय झालं?" वन्संनी माझा दंड धरला. "काय आलं? मिनूचं काही आलं का?"

"नाही, नाही. चौकोन आलेत."

"कसले चौकोन?"

हे चौकोन म्हणजे आमच्या धंद्यातलं जुनं दुखणं. इथं पत्रिका नीट मराठीत केलेली असते, सोलापूरला छापायला पाठवली की तिथल्या मशीनवर 'चि. सौ. कां.'च्या जागी चौकोनांची रांग. ज्या मशीनला मराठी कळत नाही, ते मराठीच्या जागी चौकोन काढतं. म्हणजे गेम ज्या पत्त्यावर जात होता, त्या पत्त्यात कुठंतरी मराठी होतं. आणि ते कुठं होतं ते मला माहीत होतं.

"वन्सं, ते श्री आहे."

"श्री?"

"आपण लिहिलेलं."

कॉम्प्युटर नवा आणला त्या दिवशी वन्संनी त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. चालू केल्यावर त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, नाव काय. मी माझं नाव लिहायला लागले तर वन्सं म्हणाल्या, आधी श्री लिही. आमच्याकडे नवी वही असो, वाण्याच्या सामानाची यादी असो, नाहीतर कुणाच्या साखरपुड्याचा कच्चा कागद असो, वर मधोमध श्री पडल्याशिवाय पुढचं अक्षर उमटत नाही. मी मराठी कळफलक लावला आणि श्री लिहिलं. पुढं माझं नाव लिहायचं, तेवढ्यात दुधवाला आला. मी घाईत एंटर दाबून उठले आणि कॉम्प्युटरनं तेवढंच नाव धरलं. तेव्हापासून त्याच्या लेखी त्या घराचा मालक श्री. माझी सगळी कामं त्या नावाखाली बिनबोभाट चालली. फक्त या गेमला ते अक्षर वाचता येत नव्हतं.

"मग आता?" वन्संनी विचारलं.

"ते काढून तिथं इंग्रजी नाव लिहायचं."

मी नाव बदलायची चौकट उघडली. श्री निवडलं. ते निळं झालं. आता एक बटण दाबायचं होतं.

"हेमा," वन्सं म्हणाल्या. त्या मला एरवी 'अगं ए' म्हणतात. "आजच्या दिवशी नको गं."

टोमणा असता तर मी दाबलं असतं. पण त्या विनवत होत्या. आणि मी, जी त्यांच्या उपासांना हसायची, चतुर्थीला मुद्दाम कांदा चिरायची, माझं बोट त्या बटणावर तसंच राहिलं. पुण्यात कुठंतरी माझी पोर उन्हात एकटी चालत होती, आणि मी घरात बसून श्री पुसत होते. मला वाटलं, मी बटण दाबलं की तिकडं काहीतरी होईल. असलं काही नसतं हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून घाम फुटला.

"वन्सं, डोळे मिटा," मी म्हटलं. आणि दाबलं.

श्री गेलं. मी तिथं इंग्रजीत 'hema' लिहिलं. घोड्याच्या तोंडावर क्लिक केलं.

राखाडी चौकट. तेच चार चौकोन.

"बघ!" वन्सं रडायला लागल्या. "बघ, पुसलंस आणि वर काही झालंपण नाही! आधी परत लिही. आधी ते परत लिही!"

परत लिहिताना श्रीच्या जागी भलतंच काही उमटलं. खोडलं, परत लिहिलं. श्री आलं तेव्हा वन्संनी त्या पडद्याला हात जोडले आणि मी, खोटं कशाला सांगू, मीपण जोडले.

मग जरा डोकं चाललं. दारावरची पाटी बदलली होती मी. घर आत जुन्याच नावाचं होतं. पाटी बदलून घर बदलत नाही. दुसरं घरच बांधायला हवं होतं.

"श्रीला हात लावत नाही," मी वन्संना म्हटलं. "तिथंच राहू दे. शेजारी दुसरं खातं उघडते. चालेल?"

"त्याला काय हरकत आहे?" नाक पुसत वन्सं म्हणाल्या. "देवाला शेजारी असावाच."

मी नवं खातं उघडलं. नाव लिहिलं इंग्रजीत, 'minu'. कॉम्प्युटर कितीतरी वेळ 'स्वागत आहे' म्हणत बसला. रिकामा स्वच्छ पडदा आला. त्यात मी गेम शोधला, क्लिक केलं, आणि डोळे मिटले.

टापांचा आवाज आला.

डोळे उघडले तर पडदाभर डोंगर, झरा, आणि मधे एक तपकिरी घोडा मान हलवत होता. वन्संनी माझ्या खांद्यात नखं रुतवली. आणि त्या घोड्याच्या खाली दोन रिकाम्या ओळी होत्या. नाव आणि पासवर्ड.

मी त्या ओळींकडे बघत बसले. एवढं सगळं केलं आणि पासवर्ड मला कुठून ठाऊक असणार? मिनूचा वाढदिवस टाकून बघू, आडनाव टाकून बघू... तिनं तसला सोपा ठेवला नसणार. मी टेबलावर डोकं टेकलं.

"नाव लिही, मृण्मयी बार्शी," वन्सं म्हणाल्या. "सगळं लहान लिपीत, जोडून."

मी डोकं वर केलं.

"अशी बघू नकोस. बारावीला तू तिला गेम बंद केलास, तेव्हा त्या घोड्याला चारा कोण घालणार होतं? चार दिवस नाही घातला तर तो मरतो. पोरीनं रडून आकांत केला. म्हणून दुपारी तू बाजारात गेलीस की मी घालायचे."

"तुम्ही?"

"होस्टेलला गेल्यावरपण परीक्षा असली की मीच. जुन्या कॉम्प्युटरवर छान चालायचं. हा नवा आणलास आणि दिवाळीपासून उघडतच नाही. तुला विचारायची सोय नव्हती."

"वन्सं, पासवर्ड."

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"आईला सांगू नको."

"अहो, आता कसलं सांगू नको? मी समोर बसलेय!"

"तसं नव्हे. तोच पासवर्ड आहे. आईलासांगूनको. इंग्रजीत, जोडून."

मी टाइप केलं. एकेक अक्षर. दर अक्षराला पडद्यावर एक काळा ठिपका उमटत होता. इतके ठिपके, की ती ओळ संपते की नाही असं वाटलं.

आत गेलो. एक लहानसं घर, दारात घोडा, दूरवर दुसरे घोडे फिरत होते. कुणाशी बोलायचं, कुठं लिहायचं, मी शोधायला लागले आणि पडदा काळा झाला. परत पहिल्या पानावर. वर इंग्रजीत एक ओळ. मी ती दोनदा वाचली.

"काय म्हणतोय?"

"म्हणतोय, हे खातं दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडलंय, म्हणून तुम्हाला बाहेर काढलं." माझा संताप झाला. "सगळं झालं, आता हे नवीन काय काढलंय याने? काहीतरी बिघाड आहे. आणखी कुणाला दिलाय का तुम्ही पासवर्ड?"

"मी कुणाला देऊ? मला आणि मिनूलाच..."

आम्ही एकमेकींकडे बघितलं.

मी परत नाव लिहिलं. परत तो लांबलचक पासवर्ड. आत गेलो. घर, घोडा, झरा. मी माऊसला हातही लावला नाही, श्वास धरून बसले. आणि पडदा काळा. बाहेर.

"हाकललं," वन्सं म्हणाल्या. "परत जा."

परत गेले. परत बाहेर. या वेळी लगेच, जोरात, म्हणजे मला तरी ते जोरातच वाटलं. अगदी तिच्या खोलीत न विचारता शिरलं की ती कशी दार लोटून घ्यायची, तसं.

"हाकलतेय गं!" वन्सं हसत होत्या आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "ती हाकलतेय आपल्याला!"

मला आयुष्यात पुष्कळ ठिकाणांहून बाहेर काढलंय. छापखान्यातून, एका नातेवाइकाच्या लग्नातून, बँकेच्या रांगेतून. पण इतकं गोड कुणी काढलं नव्हतं. मी आणखी एकदा आत गेले, नुसतं बाहेर काढून घ्यायला.

मग वन्संनी माझा हात धरला. "थांब. तिला काय वाटत असेल? कुणी चोर शिरलाय असं वाटेल. ती पासवर्ड बदलून टाकेल, मग संपलं. काहीतरी लिही."

"कुठं?"

"घराच्या दारावर पाटी असते. तिच्यावर क्लिक केलं की लिहिता येतं. मी कधीमधी लिहायची, 'चारा घातला' म्हणून."

गावातल्या निम्म्या लग्नांचा मजकूर मी जुळवला आहे. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' पासून 'आहेर आणू नये' पर्यंत मला झोपेतही येतं. आणि माझ्या पोरीच्या घोड्याच्या दारावर काय लिहायचं, ते मला सुचेना. घरी ये लिहावं, तर तेच तिला नको असेल. रागावलो नाही लिहावं, तर रागवायची गोष्ट आठवेल. विचार करायला तर वेळच नव्हता, ती कुठल्याही क्षणी दार लोटणार होती.

आत गेले. पाटी. इंग्रजी अक्षरांत लिहिलं, 'aai aahe'. आई आहे.

पडदा काळा.

"एवढंच?" वन्संनी विचारलं.

"एवढंच बसलं."

आम्ही थांबलो. तिला वाचू दे म्हणून. घरच्या फोनकडे बघत. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. शेजारच्या गिरणीचा पट्टा फटफटत होता. फोन वाजला नाही.

न राहवून मी परत आत गेले. घर, दार, पाटीवर माझी ओळ. मी बाहेर फेकलं जायची वाट बघत बसले. कुणी फेकलं नाही. वन्सं पुढं झुकल्या. तरी नाही. झरा वाहत होता, घोडा मान हलवत होता, आणि आम्हाला कुणीच बाहेर काढत नव्हतं.

"उठून गेली," मी म्हटलं. "वाचलं आणि उठून गेली."

वन्संनी पडद्यावर बोट ठेवलं. घोड्याच्या पुढ्यात गव्हाण होती, वरपर्यंत गच्च भरलेली. तिच्या बाजूला आणखी गवताच्या पेंढ्या, एकावर एक, पार छपरापर्यंत.

"एवढा चारा कुणी घालत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "एका वेळी दोनतीन दिवसांचा घालतात. हा तर..." त्यांनी तोंडावर पदर धरला.

मला ते आधी कळलं नाही. मग कळलं. ज्याला परत यायचं असतं, तो एवढा चारा घालत नाही.

घरचा फोन वाजला.

मी उचलला. कानाला लावला. पलीकडे कुणी बोलेना. खटखट बटणांचा आवाज, रस्त्यावरचे हॉर्न. एक पुरुषी आवाज म्हणाला, "ताई, एसटीडी आहे का?" आणि मिनूचा आवाज म्हणाला, "हो. बार्शी."

मी वन्संकडे बघून मान हलवली.

"आई?"

"हं."

"तुझ्याकडे गेम चालू कसा झाला?"

सकाळपासून मी मनात किती काय काय घोकलं होतं. वर्ष गेलं तर गेलं, बाळा. तू आम्हाला हवीस. ते सगळं कुठं गेलं कुणास ठाऊक. आणि मला एकदम वाटलं, तिनं जे विचारलंय तेच सांगावं. तेवढंच. दुसरं काही म्हटलं तर ती फोन ठेवेल.

"सांगते," मी म्हटलं. "आधी तर आत्या म्हणाली, बंद करून चालू कर."

"त्यानं काय होतंय?"

"तेच म्हटलं मी. मग व्हायरसवाला बंद केला."

"आणि ड्रायव्हर?"

"तोपण नवा टाकला. अर्ध्यावर येऊन अडकला होता मेला. तू बसलीयेस तिथलं इंटरनेट बरं दिसतंय. कसली भराभर हाकलत होतीस आम्हाला. कुठलं कॅफे आहे हे?"

मी जीभ चावली.

"कात्रज," मिनू म्हणाली. "तळ्याच्या बाजूला."

मी वन्संना बोटानं खूण केली. मोबाइलकडे, मग हवेत स्कूटरचं हँडल धरून दाखवलं. वन्संना विनायकाचा नंबर लावता येत होता. त्या मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात गेल्या आणि मला त्यांचा दबका आवाज ऐकू आला, "कात्रजच्या तळ्यापाशी. कॉम्प्युटरचं दुकान. जा लवकर, पण घाबरवू नकोस तिला."

"आई, तू आहेस?"

"आहे ना. मग गेम सगळा काढला आणि परत टाकला."

"म्हणजे तुला वाटलं फाइल खराब आहे."

"हो. पण तसं नव्हतं. ते श्रीमुळे होतं."

"कशामुळे?"

मी सांगितलं. दुधवाल्यापासून सांगितलं. चौकोन आले ते सांगितलं. मिनू हसली नाही, पण तिच्या श्वासाचा आवाज बदलला, लहानपणी ताप उतरताना बदलायचा तसा.

"म्हणून आत्याकडे चालत नव्हतं," ती म्हणाली. "मला वाटलं, आत्या कंटाळली, म्हणून उघडत नाही म्हणतेय. म्हणून मला यावं लागलं, आई. मी तिकडंच होते सकाळपासून, तळ्यापाशी. मग आठवलं, घोड्याला कुणीच नाहीये. म्हणून आले."

मी फोनची वायर मुठीत घट्ट धरली.

"बरं केलंस," मी म्हटलं. "तर मग मी श्री पुसलं, तर आत्या रडायलाच लागली..."

मी सांगत राहिले. जे झालं ते सांगून झालं, तेव्हा जे झालं नव्हतं तेही घातलं. प्रिंटर मधेच वाजला म्हटलं, वीज गेली म्हटलं, परत आली म्हटलं. एका चकतीच्या फिरण्याला मी केवढा वेळ लावला असेल. ती "मग?" म्हणायची, मी पुढचं सांगायची. स्वयंपाकघराच्या दारात वन्सं मोबाइल छातीशी धरून उभ्या होत्या.

मग पलीकडे खुर्ची सरकली. कुणीतरी धापा टाकत होतं. विनायकभावजींचा आवाज आला, "मिनू... मिनू बाळा, चल..."

"थांबा काका," मिनू त्यांना म्हणाली. "आई सांगतेय."